साठवलेलं पाणी राखण मागतं : घरचा तलाव, हॉट टब आणि छतावरच्या सोलरची आरोग्यकथा

परदेशात घर घेतलेल्या मुलांकडे सहा महिने राहून आलेले आई-वडील तपासणीला येतात, तेव्हा हल्ली एक विषय हमखास निघतो. "डॉक्टर, मुलगा मागच्या अंगणात स्विमिंग पूल करायचा म्हणतोय. सून म्हणते त्यापेक्षा हॉट टब बसवू, तुमच्या गुडघ्यांना शेक मिळेल. आणि जावई म्हणतात, आधी छतावर सोलर घ्या, बाकीचं नंतर. तुम्हाला काय वाटतं?"

खर्चाचा हिशेब ठेकेदार सांगेल, विजेचं बिल किती वाचेल ते सोलरवाला सांगेल. आरोग्याच्या बाजूने मात्र या तिन्ही गोष्टींना स्वतःचा असा इतिहास आहे, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. आज हॉट टबवर जी सूचना चिकटवलेली असते किंवा तलावाभोवती जे कुंपण सक्तीचं असतं, त्यामागे कुठली ना कुठली साथ किंवा अपघात आहे. तो इतिहास कळला की निवड करणं बरंच सोपं होतं.

सुरुवात एका आजारी मुलापासून

गरम पाण्यात बसून दुखणं कमी करणं ही कल्पना फार जुनी. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं आहेत, कोकणात उन्हवरे, आरवली इथे गरम पाण्याचे झरे आहेत. रोमन लोकांची स्नानगृहं तर प्रसिद्धच. पण याच रोमन काळातला वैद्यकीय लेखक सेल्सस याने असाही इशारा देऊन ठेवला होता, की जखम स्वच्छ झालेली नसताना स्नानगृहात जाऊ नये, ती चिघळते. म्हणजे सामूहिक गरम पाण्याचा फायदा आणि धोका दोन्ही दोन हजार वर्षांपूर्वी लक्षात आले होते.

आजच्या टबची गोष्ट कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये सुरू होते. इटलीहून आलेले जकुझी नावाचे सात भाऊ तिथे विमानाचे पंखे आणि पुढे विमानंही बनवत होते. १९२१ मध्ये त्यांचं एक विमान कोसळलं आणि त्यात त्यांच्यातला एक भाऊ गेला. कुटुंबाने विमानांचा धंदा सोडला आणि विहिरींसाठी पाण्याचे पंप बनवायला घेतले. त्यांच्यातल्या कँडिडो जकुझी यांचा मुलगा केनेथ अगदी लहानपणी घशाच्या इन्फेक्शननंतर आजारी पडला आणि पुढे त्याला सांध्यांचा तीव्र संधिवात जडला. हॉस्पिटलमध्ये गरम, फिरत्या पाण्यात बसवून उपचार केले की त्याला आराम पडे, पण घरी आल्यावर पुन्हा दुखणं सुरू होई. बापाने विचार केला, आपण पंपच बनवतो, मग घरच्या टबमध्ये बसेल असा एक पंप का करू नये?

त्या पंपाची विक्रीसाठीची आवृत्ती १९५६ मध्ये बाजारात आली. तो चैनीच्या वस्तूंच्या दुकानात नव्हे, तर उपचाराचं साधन म्हणून विकला जाई. १९६८ मध्ये याच घराण्यातल्या रॉय जकुझी यांनी पंप आणि टब एकत्र करून तयार संच बनवला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात लोक लाकडी मद्याची जुनी पिंपं अंगणात ठेवून, त्यात गरम पाणी भरून बसायला लागले होते. औषधाचं साधन आणि अंगणातली मौज एकत्र आली, आणि आजचा हॉट टब तयार झाला.

या प्रवासात एक बदल झाला, तो नीट लक्षात ठेवा. केनेथचा पंप साध्या आंघोळीच्या टबमध्ये ठेवत. त्याची बैठक संपली की बूच काढायचं, सगळं पाणी गटारात जायचं, दुसऱ्या दिवशी नवं पाणी. अंगणातल्या हॉट टबमध्ये मात्र तेच पाणी तीन-चार महिने राहतं. दिवसरात्र कोमट, आणि त्यात माणसं येऊन बसून जातात. सगळ्या भानगडी इथून सुरू झाल्या.

तलाव : आठवड्याला रिकामा करण्यापासून क्लोरीनपर्यंत

तलावांच्या बाबतीत हा धडा आधीच गिरवून झाला होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सार्वजनिक तलाव भरत, लोक पोहत, पाणी गढूळ झालं की रिकामा करून घासत. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटी शहराच्या नळाच्या पाण्यात सतत क्लोरीन घालायला सुरुवात झाली. त्यानंतर तीनेक वर्षांत ब्राउन विद्यापीठाच्या तलावात हीच पद्धत वापरून पाहिली गेली आणि जंतूंची संख्या झपाट्याने खाली आली. गाळणी आणि क्लोरीन ही जोडी तिथून रूढ झाली.

तरी भीती संपली नव्हती. १९४० आणि ५० च्या दशकांत पोलिओचा उन्हाळा आला की अमेरिकेतली गावंच्या गावं आपले तलाव बंद करत. १९५५ मध्ये साल्क यांची लस आली आणि ती दहशत ओसरली. युद्धानंतर उपनगरं वाढली, काँक्रीट फवारून तलाव बांधायचं तंत्र स्वस्त झालं. सार्वजनिक तलाव कायद्याने कृष्णवर्णीयांना खुले झाल्यावर अनेक गोऱ्या कुटुंबांनी तिथे जाणं सोडून घरचे तलाव आणि खासगी क्लब जवळ केले. १९५० च्या सुमारास जेमतेम काही हजार असलेले घरगुती तलाव शतक संपता संपता लाखोंच्या घरात गेले. या वाटणीची किंमत आजही दिसते : पोहायला शिकायची सोय ज्यांना पिढ्यानपिढ्या मिळाली नाही, त्या समाजातल्या मुलांचं तलावात बुडण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

आणि घरच्या तलावाचा सगळ्यात मोठा धोका जंतू नाहीतच, तो आहे बुडण्याचा. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचं पहिलं कारण बुडणं हे आहे, आणि या वयात ते बहुतेक वेळा घरच्याच तलावात घडतं. सिनेमात दाखवतात तसा आरडाओरडा होत नाही. मूल आवाज न करता पाण्याखाली जातं, एक-दोन मिनिटांत. शिवाय बऱ्याचदा तेव्हा कुणी पोहतही नसतं. मूल घरातून नकळत बाहेर पडलेलं असतं. म्हणून कुंपण घराच्या आवाराला घालून भागत नाही. ते तलावाच्या चारही बाजूंनी, घरापासून वेगळं करणारं हवं, किमान चार फूट उंच, आणि त्याचं फाटक आपोआप बंद होऊन खिटी पडणारं हवं.

क्लोरीनबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. तलावाला उग्र वास आला आणि डोळे चुरचुरले की लोक म्हणतात, "क्लोरीन जास्त झालंय." खरं तर तो वास घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन बनलेल्या पदार्थांचा असतो. नीट राखलेल्या तलावाला फारसा वास येत नाही. म्हणून उतरण्याआधी आंघोळ, आणि जुलाब होत असतील तर पाण्यात अजिबात नाही. जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभर टिकू शकतो.

कोमट पाण्यातले पाहुणे

हॉट टब लोकप्रिय झाले आणि डॉक्टरांकडे नवे पेशंट यायला लागले. १९७५ मध्ये एका अमेरिकन मोटेलच्या टबमधून आलेल्या पुरळाची नोंद वैद्यकीय साहित्यात झाली. स्यूडोमोनास नावाचा बॅक्टेरिया केसांच्या मुळांशी शिरतो आणि टबमध्ये बसल्यावर काही तासांत ते काही दिवसांत अंगावर खाजरे लाल फोड येतात. पोहण्याच्या कपड्याखालची जागा ओली राहते, तिथे ते जास्त. बहुतेकांना आठवड्याभरात आपोआप बरं वाटतं. टबमध्ये क्लोरीन कमी पडत असल्याची ती पहिली सूचना समजावी.

मोठा धक्का पुढच्या वर्षी बसला. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेचं अधिवेशन झालं. घरी परतलेले सदस्य एकामागोमाग एक न्यूमोनियाने आजारी पडू लागले. दोनशेहून अधिक लोक आजारी पडले, ३४ दगावले. कित्येक महिने कारण सापडेना. विषबाधेपासून घातपातापर्यंत सगळे तर्क झाले. अखेर जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड आणि सहकाऱ्यांनी जंतू शोधल्याचं जाहीर झालं. त्याचं नाव पडलं लेजिओनेला, आणि आजार 'लीजनेअर्स डिसीज'. हा जंतू नद्या-तळ्यांत थोड्या प्रमाणात असतोच. तो फोफावतो २५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या साचलेल्या पाण्यात. त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो.

आता हॉट टबचं तापमान आठवा : ३७ ते ४० अंश. वर हवेचे फवारे पाणी ढवळून तुषार उडवतात. उष्णतेने आणि फवाऱ्यांनी क्लोरीनही लवकर उडून जातं. पाणीही थोडं, माणसं मात्र दाटीवाटीने. तलावात चार जण उतरणं आणि टबमध्ये चार जण बसणं यात फार फरक आहे.

याचा सगळ्यात विदारक पुरावा नेदरलँड्समध्ये मिळाला. फेब्रुवारी १९९९ मध्ये बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, सत्तर हजारांहून जास्त लोक येऊन गेले. तिथे विक्रीसाठी मांडलेला एक हॉट टब चालू ठेवलेला होता. त्यात कुणी उतरलं नव्हतं. लोक नुसते शेजारून गेले. त्यानंतरच्या दिवसांत दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले आणि सुमारे तीस दगावले. वीस वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एका जत्रेत हेच घडलं : मांडून ठेवलेले हॉट टब, शंभराहून जास्त रुग्ण, चार मृत्यू.

तापमान आणि जाळी : दोन नियमांमागची माणसं

हॉट टबचं कमाल तापमान १०४ फॅरनहाइट, म्हणजे ४० अंश सेल्सिअस, हा आकडा कंपनीने सहज ठरवलेला नाही. ४३ अंशांच्या आसपासच्या पाण्यात बसून काही मृत्यू झाल्यावर १९७९ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ही मर्यादा घालून दिली. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, उठताना भोवळ येते. त्यात दारू घेतलेली असेल तर ग्लानी येऊन माणूस तिथेच पाण्यात घसरतो. बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नका. गर्भवतींनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, टब टाळावा. आईच्या शरीराचं तापमान वाढणं बाळाच्या मज्जासंस्थेला घातक ठरू शकतं. पाच वर्षांखालच्या मुलांना बसवूच नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना चटका कळत नाही, त्यांनीही दूर राहावं.

दुसरा नियम तळाच्या जाळीचा. जून २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या तळाशी असलेल्या झडपेच्या ओढीने अडकली आणि बुडाली. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये तिच्याच नावाने कायदा झाला. पंप इतक्या जोराने पाणी ओढतो की मोठ्या माणसालाही मूल सोडवता येत नाही. म्हणून आता तळाला अंग चिकटून बसणार नाही अशा घडणीची जाळी लावतात. जुनं घर तलावासकट विकत घेत असाल तर ही जाळी आधी तपासून घ्या. ती तुटलेली किंवा सैल असेल तर कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

छतावरचा सूर्य

सोलरला आपण नवं समजतो. पण बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी सूर्यावर पाणी तापवणाऱ्या यंत्राचं पेटंट १८९१ मध्ये घेतलं. काचेच्या पेटीत काळी टाकी, इतकं साधं. दुपारी पाणी गरम, रात्री गार. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विल्यम बेली यांनी तापवणाऱ्या नळ्या वेगळ्या केल्या आणि गरम पाणी साठवायला उबदार वेष्टनाची टाकी घरात वर ठेवली. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, पंप लागत नाही. आपल्या पुण्या-नाशिकच्या, कोल्हापूर-सांगलीच्या बंगल्यांवरचं 'सोलर' आजही याच तत्त्वावर चालतं. पुढे कॅलिफोर्नियात स्वस्त गॅस मिळाला आणि हा धंदा मंदावला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पुन्हा आठवण झाली. १९७९ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छतावर जे ३२ पॅनेल बसवले, तेही पाणी तापवायचेच होते. वीज बनवणारा सिलिकॉनचा सेल १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार झाला. आज लोक "सोलर छत" म्हणतात ते या दुसऱ्या घराण्यातलं.

वीज बनवणाऱ्या पॅनेलमध्ये पाणी नाही, त्यामुळे पाण्याचे आजारही नाहीत. त्याचे धोके वेगळे आहेत. पॅनेल पुसायला कठडा नसलेल्या छतावर चढून पडणं, आणि मेन स्विच बंद असतानाही उन्हात पॅनेलमध्ये वीज असतेच हे विसरणं. छत जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरा. तो पत्रा भोकं पाडून, कापून त्यावर सोलर बसवू नका. ती धूळ फुप्फुसात वर्षानुवर्षं राहते.

पाणी तापवणाऱ्या सोलरमध्ये मात्र बेली यांनी दिलेली सोय, म्हणजे साठवण, आपल्याला सांभाळावी लागते. पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन नसलं की टाकीतलं पाणी नुसतं कोमट राहतं, लेजिओनेलाला हवं तसं. म्हणून बॅकअपच्या कॉइलने आठवड्यातून एकदा पाणी ६० अंशांपर्यंत तापवून घ्यावं. घर महिनाभर बंद असेल तर आल्याबरोबर शॉवरखाली उभं राहू नका. आधी खिडकी उघडून, तुषार न उडवता, नळ काही मिनिटं वाहू द्या.

उन्हाळ्यात उलट अडचण. सोलरचं पाणी ६० अंशांच्याही वर जातं, आणि त्या पाण्याने काही सेकंदांत खोलवर भाजतं. लहान मुलाची आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ, तिथे आणखी लवकर. कढत पाण्यात विसण घालायची आपली सवय आहे. घरात लहान मूल असेल तर क्रम उलटा करा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. नवीन घर बांधत असाल तर न्हाणीघराच्या आधी गरम-गार आपोआप मिसळणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. टाकीत पाणी खूप गरम आणि नळाला बेताचं, असे दोन्ही हेतू त्याने साधतात.

दुर्लक्षित पाण्याचा शेवटचा धडा

२००७ मध्ये अमेरिकेत घरकर्जं थकायला लागली. कॅलिफोर्नियाच्या बेकर्सफील्ड भागात लोक घरं सोडून गेले, अंगणातले तलाव तसेच राहिले, हिरवे झाले. त्यांत डास झाले आणि त्या उन्हाळ्यात तिथे वेस्ट नाइल तापाचे रुग्ण झपाट्याने वाढले. तलाव बांधताना त्या घरमालकांनी पैशांचा हिशेब नक्कीच केला असणार. पैसे संपल्यावर पाण्याचं काय होईल, हा हिशेब राहून गेला. सुट्टीपुरता उघडणाऱ्या लोणावळ्याच्या बंगल्यालाही हे लागू आहे. तिथे वेस्ट नाइलऐवजी डेंग्यू म्हणा.

मग निवड कशी करायची?

स्वतःला हे प्रश्न विचारा :

१. पाणी कोण तपासणार? तपासणीच्या पट्ट्या मिळतात. तलावात क्लोरीन किमान १ पीपीएम, हॉट टबमध्ये किमान ३ पीपीएम, आणि पीएच ७ ते ७.८ हवा. टब वापरात असेल तर दिवसातून निदान दोनदा तपासायला हवं. "आपण सगळे मिळून बघू" हे उत्तर चालणार नाही. एका माणसाचं नाव हवं.

२. घरात कोण राहतं? पाच वर्षांखालचं मूल असेल तर कुंपणाशिवाय तलाव नको, त्याची किंमत मूळ खर्चातच धरा. पन्नाशी ओलांडलेलं, सिगारेट ओढणारं, दम्याचं किंवा फुप्फुसाच्या जुन्या आजाराचं, स्टेरॉइड किंवा कॅन्सरचे उपचार घेणारं कुणी असेल तर हॉट टबचा दोनदा विचार करा.

३. घर किती दिवस बंद असतं? वर्षातून दोन महिने भारतात येत असाल तर त्या काळात टब पूर्ण रिकामा करायचा की कुणाला सांभाळायला द्यायचा, हे आधी ठरवा.

४. हवं आहे ते नक्की काय? गुडघ्यांना, कंबरेला शेक हवा असेल तर साध्या बाथटबमध्ये पंधरा मिनिटं सोसवेल इतक्या गरम पाण्यात बसा आणि पाणी सोडून द्या. केनेथलाही तेवढंच मिळत होतं. शेकाने आखडलेपणा आणि वेदना कमी होतात; सांध्यांची झीज भरून येत नाही, मग टब कितीही महाग असो.

आरोग्याच्या हिशेबाने माझा क्रम विचाराल तर पहिलं सोलर, मग कुंपणासकट तलाव (पोहणं हा सांध्यांवर भार न टाकणारा उत्तम व्यायाम आहे) आणि शेवटी हॉट टब, तोही रोज लक्ष देणारं माणूस घरात असेल तरच.

डॉक्टरांना काय सांगाल?

हॉट टब, हॉटेलचा स्पा किंवा बराच काळ बंद असलेल्या घराचा शॉवर वापरल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ताप, खोकला, धाप, अंगदुखी, कधी जुलाब किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला तर लगेच दाखवा, आणि पाण्याचा हा उल्लेख आवर्जून करा. लीजनेअर्सवर पेनिसिलिनच्या जातीची नेहमीची औषधं चालत नाहीत, वेगळी अँटिबायोटिक्स लागतात. लघवीच्या एका तपासणीतून निदानाला मदत होते. पण डॉक्टरांना शंका आली तरच ती तपासणी होते, आणि शंका यायला तुमचं एक वाक्य पुरतं : "डॉक्टर, मागच्या आठवड्यात आम्ही हॉट टबमध्ये बसलो होतो."